अनुदान मागण्यापूर्वी: कोल्हापूर जिल्ह्यातील संस्थांसाठी पात्रता आणि निधीचे नियम

अनुदानाचा अर्ज लिहायला बसण्याआधी संस्थेच्या कपाटातून एक कागद बाहेर काढावा. तो म्हणजे धर्मादाय कार्यालयाचा परिशिष्ट एकचा उतारा, ज्याला बोलण्यात सगळे ‘शेड्यूल वन’ म्हणतात. त्यावर विश्वस्त म्हणून ज्यांची नावे आहेत तीच माणसे आज संस्था चालवत असतील, तर पुढचे बरेच काम सोपे होते. कोल्हापूर जिल्ह्यातील पुष्कळ जुन्या संस्थांत मात्र तसे नसते. उताऱ्यावरचे अध्यक्ष केव्हाच दिवंगत झालेले असतात, सचिव मुलाकडे पुण्याला राहायला गेलेले असतात आणि प्रत्यक्ष कारभार पाहणाऱ्या मंडळींची नोंदच झालेली नसते. निधी देणारी कंपनी असो, केंद्राचे मंत्रालय असो की खासगी न्यास, करारावर सही करणाऱ्याला तो अधिकार आहे का, हे याच उताऱ्यावरून तपासले जाते. चांगले काम करणाऱ्या संस्थेचा प्रस्ताव पहिल्या छाननीतच बाजूला पडतो तो बहुधा अशा कारणाने. म्हणून प्रस्तावाची भाषा कशी असावी हा विषय येथे मागे ठेवला आहे.

नोंदणी, बदल अर्ज आणि घटनेतील उद्देश

महाराष्ट्रात किमान सात सभासद एकत्र येऊन संस्था नोंदणी अधिनियम १८६० खाली संस्था नोंदवू शकतात, आणि अशा संस्थेची नोंदणी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० खालीही केली जाते. त्यामुळे संस्थेकडे दोन प्रमाणपत्रे असतात, एक ‘महाराष्ट्र’ आणि ‘कोल्हापूर’ या शब्दांच्या मध्ये क्रमांक असलेले आणि दुसरे ‘एफ’ अक्षराने सुरू होणारे. अर्जात दोन्ही क्रमांक विचारले जातात आणि एकाच्या जागी दुसरा लिहिला, तर ऑनलाइन पडताळणी तिथेच अडकते. केवळ विश्वस्तपत्राने स्थापन झालेल्या न्यासाला एकच क्रमांक असतो, तर कंपनी अधिनियम २०१३ च्या कलम ८ खालील ना-नफा कंपनीची नोंदणी कंपनी निबंधकांकडे होते. अनुदानासाठी हे तिन्ही प्रकार चालतात. उत्सवापुरती वर्गणी गोळा करण्यासाठी कलम ४१ सी खाली मिळणारी परवानगी मात्र संस्थेची नोंदणी नव्हे. शिवाजी पेठ किंवा मंगळवार पेठेतील एखाद्या मंडळाने अशा परवानगीवर वर्षानुवर्षे रक्तदान शिबिरे घेतली असली, तरी अनुदानाच्या दृष्टीने ती संस्था अस्तित्वातच नसते.

विश्वस्त बदलले, पत्ता बदलला किंवा मालमत्तेत भर पडली की ९० दिवसांच्या आत कलम २२ खाली बदल अर्ज दाखल करावा लागतो. संस्थांत याला ‘चेंज रिपोर्ट’ असेच म्हटले जाते. मागचे दोन-तीन बदल अर्ज राहून गेले असतील, तर फक्त शेवटच्या कार्यकारी मंडळाचा अर्ज दाखल करून भागत नाही. प्रत्येक निवडीचा अर्ज क्रमाने, विलंब माफीच्या विनंतीसह करावा लागतो, आणि त्याला त्या त्या वेळच्या सभेची नोटीस, हजेरी, ठरावाची प्रत व नव्या विश्वस्तांची संमतीपत्रे जोडावी लागतात. निवडीबद्दल कोणी हरकत घेतली, तर चौकशी सुरू होते आणि ती किती काळ चालेल याचा भरवसा नसतो. माझ्या मते ज्या संस्थेचा बदल अर्ज वादात आहे, तिने त्या वर्षी मोठ्या अनुदानाच्या मागे लागू नये, कारण निधी मंजूर झाला तरी बँकेतील सह्यांचा प्रश्न उभा राहतो.

त्यानंतर घटना उघडून उद्देशांचे कलम वाचावे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगा आणि कृष्णेला महापूर आला, तेव्हा शिरोळ, करवीर आणि हातकणंगले तालुक्यांत वाचनालयांपासून क्रीडा मंडळांपर्यंत अनेक संस्था मदतीला धावल्या. माणुसकीच्या दृष्टीने ते योग्यच होते. पण ज्या संस्थेच्या घटनेत आपत्ती निवारण किंवा व्यापक समाजसेवा असा उद्देश नाही, तिला पूरग्रस्तांच्या पुनर्वसनासाठी अनुदान घेता येत नाही, कारण न्यासाचा पैसा त्याच्या उद्देशांवरच खर्च व्हावा लागतो. उद्देश बदलायचे असतील, तर १८६० च्या कायद्याप्रमाणे विशेष सभा बोलवावी लागते, तीन पंचमांश सभासदांची संमती घ्यावी लागते आणि एक महिन्याच्या अंतराने दुसऱ्या विशेष सभेत तो ठराव पुन्हा तेवढ्याच बहुमताने कायम करावा लागतो. इथवर बहुतेकांना माहीत असते. पुढची पायरी विसरली जाते. आयकर विभागाकडे नोंदणी असलेल्या संस्थेने उद्देश बदलले, तर त्या बदलानंतर ३० दिवसांत तिथेही नव्याने अर्ज करावा लागतो. तो राहिला, तर करसवलतच धोक्यात येते.

आयकराच्या दोन मान्यता

देणगीदारांच्या तोंडी असलेली ‘बारा ए’ आणि ‘ऐंशी जी’ ही दोन वेगळी प्रकरणे आहेत. पहिल्या मान्यतेने संस्थेच्या स्वतःच्या उत्पन्नावर करसवलत मिळते, दुसरीमुळे देणगीदाराला त्याच्या करात वजावट मिळते. १९६१ च्या कायद्याची जागा घेणारा आयकर अधिनियम २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासून लागू आहे. त्यामुळे कलमांचे क्रमांक बदलले असले, तरी व्यवहारात आणि अनेक अर्जांत जुनीच नावे चालू राहतील हे गृहीत धरावे. नव्या संस्थेला आधी तीन वर्षांची तात्पुरती मान्यता मिळते आणि काम सुरू झाल्यावर नियमित मान्यतेसाठी वेगळा अर्ज करावा लागतो. नियमित मान्यता पूर्वी पाच वर्षांची असे. २०२५ च्या वित्त अधिनियमाने, ज्या संस्थांचे उत्पन्न आधीच्या दोन वर्षांत दरवर्षी पाच कोटी रुपयांच्या आत आहे, त्यांना नोंदणी दहा वर्षांसाठी देण्याची तरतूद केली. ऐंशी जीची मुदत मात्र त्याबरोबर आपोआप वाढली नाही. म्हणून दोन्ही आदेशांवरील मुदतीच्या तारखा वेगवेगळ्या लिहून ठेवाव्यात.

करसवलत टिकवण्यासाठी वर्षाच्या उत्पन्नापैकी किमान ८५ टक्के रक्कम उद्देशांवर खर्च व्हावी लागते किंवा रीतसर कळवून पुढील पाच वर्षांपर्यंतच्या ठरावीक कामासाठी राखून ठेवावी लागते. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात एखाद्या प्रकल्पाचा मोठा हप्ता जमा झाला, तर हा हिशेब लगेच बिघडतो, तेव्हा सीएंशी बोलणे हप्ता येण्याआधी व्हावे. एका व्यक्तीला एका दिवसात १०,००० रुपयांपेक्षा जास्त रोख दिलेली रक्कम खर्चात धरली जात नाही. २,००० रुपयांपेक्षा अधिक रोख देणगीवर देणगीदाराला वजावटही मिळत नाही, त्यामुळे पावती पुस्तकावरच तशी सूचना छापून घेणे सोयीचे असते.

लेखापरीक्षण वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत पूर्ण करून त्याचा अहवाल धर्मादाय कार्यालयाला सादर करावा. निधी देणारे बहुतेक जण मागील तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब मागतात, आणि ते परिशिष्ट आठमधील ताळेबंद व परिशिष्ट नऊमधील उत्पन्न-खर्च पत्रक यांसह असावे लागतात. केवळ सीएंचे एक पानी प्रमाणपत्र कोणी ग्राह्य धरत नाही.

कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी

शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले औद्योगिक वसाहतींतील फौंड्री व यंत्रभागांच्या कारखान्यांमुळे कोल्हापुरातील संस्थांना सर्वांत जवळचा वाटणारा पैसा म्हणजे सीएसआरचा, म्हणजेच कंपन्यांच्या या सामाजिक दायित्व निधीचा. कंपनी अधिनियमाच्या कलम १३५ प्रमाणे ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये किंवा त्याहून अधिक आहे, तिने आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायची असते. स्थानिक कारखाने बहुधा नफ्याच्या निकषामुळे यात येतात. ज्या कंपनीचे वर्षाचे दायित्व ५० लाखांच्या आत आहे, तिला वेगळी सीएसआर समिती नेमण्याची सक्ती नाही आणि निर्णय संचालक मंडळच घेते. याचा अर्थ असा की लहान कंपनीकडे सादरीकरण घेऊन जाण्यापेक्षा दोन पानांचे नेमके टिपण थेट संचालकांना देणे अधिक उपयोगी पडते.

संस्थेची पात्रता येथे कायद्यानेच ठरवलेली आहे. तिच्याकडे आयकराच्या वरील दोन्ही मान्यता हव्यात, त्याच प्रकारच्या कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव हवा आणि कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे सीएसआर-१ हा अर्ज भरून मिळालेला नोंदणी क्रमांक हवा. १ एप्रिल २०२१ पासून या क्रमांकाशिवाय कोणत्याही संस्थेमार्फत असा निधी खर्च करता येत नाही. तीन वर्षांच्या अनुभवाचा अर्थ लावताना गफलत होते. संस्था तीस वर्षे जुनी असली, पण तिने आजवर केवळ व्याख्यानमाला चालवल्या असतील, तर जलसंधारणाच्या प्रकल्पासाठी तो अनुभव धरला जात नाही.

काम कंपनी अधिनियमाच्या सातव्या अनुसूचीत बसले पाहिजे. शिक्षण, आरोग्य, पिण्याचे पाणी, पर्यावरण, महिला सक्षमीकरण, ग्रामविकास, वारसा जतन, खेळांचे प्रशिक्षण आणि आपत्ती निवारण हे विषय तिच्यात आहेत. केवळ कंपनीच्या कामगारांच्या कुटुंबांसाठीचा उपक्रम, राजकीय पक्षाला दिलेली देणगी, किंवा मालाच्या जाहिरातीसाठी केलेले प्रायोजकत्व बसत नाही. एका दिवसाची मॅरेथॉन किंवा पुरस्कार सोहळा यांनाही मंत्रालयाने वगळले आहे. तालीम मंडळांना कुस्तीच्या मैदानासाठी, म्हणजे एका दिवसाच्या स्पर्धेसाठी, पैसे मागण्याची सवय आहे. त्याऐवजी गरीब घरातील मल्लांच्या वर्षभराच्या प्रशिक्षणाचा प्रस्ताव केला, तर तो नियमांत बसवता येतो.

आणखी एक गैरसमज जाता जाता दूर केलेला बरा. प्रशासकीय खर्चावर पाच टक्क्यांची मर्यादा आहे ती कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या खर्चावर. संस्थेच्या प्रकल्पातील समन्वयकाचे मानधन किंवा हिशेबनिसाचा पगार त्यात मोडत नाही. कंपनीचा अधिकारी तसे म्हणाला, तर नम्रपणे नियम दाखवावा आणि अंदाजपत्रकात हे खर्च प्रकल्पखर्च म्हणूनच स्पष्ट लिहावेत. संस्था तोट्यात जाऊन प्रकल्प पार पाडते, याचे एक महत्त्वाचे कारण इथे आहे.

सहकारी साखर कारखाने आणि दूध संघ यांच्याकडेही ‘सीएसआरमधून द्या’ असे पत्र घेऊन मंडळी जातात. ते कंपनी नाहीत, सहकारी संस्था आहेत, आणि कलम १३५ त्यांना लागू होत नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम ६९ नुसार राखीव आणि शिक्षण निधीची तरतूद केल्यानंतर निव्वळ नफ्याच्या २० टक्क्यांपर्यंतची रक्कम धर्मादाय किंवा सार्वजनिक कामासाठी मान्यतेने देता येते. म्हणजे पत्राचा मजकूर आणि वेळ दोन्ही वेगळी हवीत. तिथे वार्षिक सर्वसाधारण सभेपूर्वी गेलेला अर्ज विचारात घेतला जातो, तर कंपनीकडे दिवाळीच्या आसपास पोचलेला प्रस्ताव ३१ मार्चच्या आत मार्गी लागू शकतो.

सरकारी अनुदान

केंद्र सरकारच्या कोणत्याही योजनेसाठी आधी नीती आयोगाच्या एनजीओ दर्पण संकेतस्थळावर नोंदणी करून ओळख क्रमांक घ्यावा लागतो, आणि तिथे भरलेली पदाधिकाऱ्यांची नावे परिशिष्ट एकशी जुळावी लागतात. पैसे पीएफएमएस या सरकारी निधी वितरणाच्या ऑनलाइन प्रणालीतून येतात, म्हणून बँक खाते तिथेही नोंदवावे लागते. दिव्यांगांसाठी काम करणाऱ्या संस्थांना दीनदयाळ दिव्यांग पुनर्वसन योजना उपलब्ध आहे. तीत मान्य खर्चाच्या ९० टक्क्यांपर्यंत रक्कम मिळते, उरलेला वाटा संस्थेने उभा करायचा असतो, आणि दिव्यांग हक्क अधिनियम २०१६ खालील नोंदणी प्रमाणपत्र असल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही.

केंद्राच्या सामान्य वित्तीय नियम २०१७ मधील काही अटी करारावर सही करण्यापूर्वीच समजून घ्याव्यात. एकाच कामासाठी दोन विभागांकडून अनुदान घेता येत नाही आणि इतरत्र अर्ज केला असल्यास तो जाहीर करावा लागतो. अनुदानातून घेतलेली मोठी वस्तू, मग ती रुग्णवाहिका असो की छपाईचे यंत्र, विभागाच्या परवानगीशिवाय विकता किंवा गहाण ठेवता येत नाही. खात्यात पडून राहिलेल्या अनुदानावरचे व्याज संस्थेचे नसते, ते सरकारला परत करावे लागते. आर्थिक वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांच्या आत ठरलेल्या नमुन्यात विनियोग प्रमाणपत्र, म्हणजे अनुदान ठरलेल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला, द्यावे लागते, आणि ते न दिलेल्या संस्थेला पुढचा हप्ता मिळत नाही.

राज्याच्या योजनांत वाचनालयांची वाट सर्वांत मळलेली आहे. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ नुसार शासनमान्यता मिळालेल्या ग्रंथालयांना अ, ब, क, ड अशा वर्गवारीप्रमाणे वार्षिक अनुदान मिळते. कोल्हापूरकरांसाठी यात अभिमानाचीही गोष्ट आहे, कारण सार्वजनिक ग्रंथालयांचा भारतातील पहिला कायदा १९४५ साली कोल्हापूर संस्थानातच झाला. व्यायामशाळांसाठीच्या अनुदानाचा अर्ज जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात करायचा असतो. तिथे जागेची मालकी किंवा दीर्घ मुदतीचा भाडेपट्टा दाखवावा लागतो, आणि गावठाणातील जुन्या तालमींचे अर्ज बहुधा याच कागदापाशी थांबतात. मिळकत पत्रिकेवर संस्थेचे नाव लावून घेण्याचे काम अनुदानाची जाहिरात येण्याची वाट न पाहता सुरू करावे.

परदेशातून येणारा पैसा

विदेशी योगदान विनियमन अधिनियम २०१० हा कायदा कडक आहे आणि लहान संस्थेने त्यात घाईने शिरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. नोंदणीसाठी संस्था किमान तीन वर्षे जुनी असावी आणि मागील तीन आर्थिक वर्षांत तिने मुख्य कामावर एकूण किमान १५ लाख रुपये खर्च केलेले असावेत. एवढा इतिहास नसेल, तर विशिष्ट देणगीदाराच्या लेखी हमीपत्रावर त्या एका रकमेपुरती पूर्वपरवानगी मागता येते. २०२० च्या दुरुस्तीनंतर परदेशी रक्कम केवळ स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील खात्यातच स्वीकारावी लागते, प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या वर जाऊ शकत नाही, आणि मिळालेला निधी दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. शेवटची अट जिल्ह्यातील संस्थांना सर्वाधिक जाचली आहे. पूर्वी मुंबई-पुण्याची मोठी संस्था परदेशी निधी घेऊन त्यातील काही भाग चंदगड किंवा शाहूवाडीतील स्थानिक गटाला देत असे, तो मार्ग आता बंद आहे. वर्षाचे विवरणपत्र ३१ डिसेंबरपर्यंत भरावे लागते, आणि वर्षभरात एक रुपयाही आला नसेल तरी ते भरावेच लागते.

परदेशात स्थायिक झालेल्या कोल्हापूरकरांच्या देणगीबाबत एक भेद लक्षात ठेवावा. देणगीदाराकडे अजून भारतीय पारपत्र असेल आणि तो स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पैसे पाठवत असेल, तर ती रक्कम विदेशी योगदान ठरत नाही. त्याने अमेरिकेचे किंवा ब्रिटनचे नागरिकत्व घेतले असेल, तर त्याच्याकडे मूळच्या भारतीयांना मिळणारे ओसीआय कार्ड असले तरी ती विदेशी देणगीच समजली जाते आणि नोंदणीशिवाय घेता येत नाही. पावती फाडण्याआधी पारपत्राची प्रत मागणे थोडे संकोचाचे वाटते, पण मागावी.

अंदाजपत्रक आणि हिशेब

पात्रतेचे कागद जुळल्यावरच अंदाजपत्रकाला हात घालावा. समजा, शिरोळ तालुक्यातील एका संस्थेला पूररेषेतील चार गावांत शुद्ध पाण्याची यंत्रे बसवायची आहेत. यंत्रांची किंमत तीन पुरवठादारांच्या दरपत्रकांवरून ठरवावी आणि दरपत्रके जोडावीत. वीजजोडणी, जोत्याचे बांधकाम, वर्षभराची देखभाल आणि पाण्याच्या तपासणीचा खर्च वेगवेगळ्या शीर्षांखाली दाखवावा. यंत्राची मालकी कोणाची राहणार, हे ग्रामपंचायतीच्या ठरावासह लिहावे, कारण सीएसआरमधून उभी राहिलेली भांडवली मालमत्ता कंपनीच्या नावावर ठेवता येत नाही. ती नोंदणीकृत संस्थेकडे, लाभार्थींच्या गटाकडे किंवा सार्वजनिक प्राधिकरणाकडेच असावी लागते. कंपनीचे नाव यंत्रावर कृतज्ञतेपोटी लिहिले, तर त्या देणगीवर जीएसटी लागत नाही. पण त्या फलकावर कंपनीच्या मालाची जाहिरात झाली, तर व्यवहाराचे स्वरूप बदलते.

प्रत्येक अनुदानासाठी स्वतंत्र खतावणी ठेवावी आणि शक्य असेल तर स्वतंत्र बँक खातेही. एका प्रकल्पातून दुसऱ्या प्रकल्पाचे पगार तात्पुरते भागवण्याची पद्धत अनेक संस्थांत रूढ आहे. हेतू वाईट नसतो, पण लेखापरीक्षकाला ती रक्कम वळवल्यासारखीच दिसते. एका शीर्षातील शिल्लक दुसऱ्या शीर्षावर खर्च करायची असेल, तर खर्च करण्यापूर्वी निधी देणाऱ्याची लेखी संमती घ्यावी, मग ती ई-मेलवर मिळाली तरी चालेल. व्हाऊचरवर प्रकल्पाचे नाव, ठरावाचा क्रमांक आणि घेणाऱ्याची सही असावी. ठेकेदाराला किंवा सल्लागाराला रक्कम देताना टीडीएस, म्हणजे रक्कम देतानाच कापायचा आयकर, कापायचा आहे का हे तपासावे आणि त्यासाठी लागणारा टॅन क्रमांक आधीच घेऊन ठेवावा. विश्वस्तांच्या नातेवाइकाकडून माल घेतला जात असेल, तर ते ठरावात उघड नोंदवून बाजारभावाचा पुरावा जोडावा, अन्यथा करसवलतच अडचणीत येते.

प्रकल्प संपताना रक्कम उरली, तर ती परस्पर दुसऱ्या कामाला लावू नये. करारात शिलकीबद्दल काय लिहिले आहे ते पाहावे, आणि करार गप्प असेल तर निधी देणाऱ्याला पत्र पाठवून ती परत करावी की मुदत वाढवून मागावी हे विचारावे. त्या पत्राची स्थळप्रत, आलेले उत्तर आणि विनियोग प्रमाणपत्र ही तिन्ही कागदपत्रे एकाच फाइलमध्ये ठेवावीत, कारण पुढच्या अर्जातील ‘यापूर्वी घेतलेल्या अनुदानाचा तपशील’ हा रकाना भरताना तीच जोडावी लागतात.